लांडग्याचा सापळा आणि कातड्याची पारख

एकाच कळपातले तीन लांडगे घ्या: एक नोव्हेंबरच्या सुरुवातीला पकडलेला, एक जानेवारीत, एक मार्चअखेरीस. तिघांची कातडी शेजारी शेजारी पसरली तर पहिल्याच्या मांसाकडच्या बाजूला, पुठ्ठ्यांपाशी, निळसर झाक दिसते. दुसरं सायीसारखं पांढरं असतं. तिसरंही पांढरंच असतं, पण उलटून केसांकडून पाहिलं की खांद्यावरच्या लांब केसांची टोकं वळलेली आणि रापलेली दिसतात. मेहनत तिन्ही वेळा तेवढीच लागते, भाव मात्र मधल्यालाच येतो. म्हणून इथे सुरुवात सापळ्यापासून न करता तारखेपासून केली आहे.

त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. पुढचं सगळं अमेरिकेतलं अलास्का, कॅनडातले युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज अशा प्रदेशांपुरतं आहे, जिथे परवाना काढून लांडगा पकडता येतो. भारतात लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, मारणं किंवा त्याचं कातडं बाळगणं हा गुन्हा आहे. साइट्स करारात (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) भारत, नेपाळ, भूतान आणि पाकिस्तानातले लांडगे पहिल्या परिशिष्टात आहेत, बाकीचे दुसऱ्या. त्यामुळे अलास्कातलं कातडं देशाबाहेर न्यायचं तर साइट्सचा परवाना लागतो. अलास्का राज्य २६ गेम मॅनेजमेंट युनिटांत, म्हणजे शिकारीच्या विभागांत, विभागलेलं आहे आणि हंगामाच्या तारखा युनिटागणिक बदलतात, तेव्हा चालू वर्षाची नियमपुस्तिका खिशात हवी. पकडलेल्या प्रत्येक लांडग्याच्या कातड्याला मुदतीत राज्याच्या फिश अँड गेम (वन्यजीव) खात्याचं सील लावून घ्यावं लागतं. मोंटाना आणि आयडाहो या अमेरिकी राज्यांत लांडग्यासाठी सापळा लावण्याआधी खास प्रशिक्षण वर्ग सक्तीचा आहे. मोंटानात सापळा ४८ तासांत आणि आयडाहोत ७२ तासांत पाहून यावा लागतो. कॅनडाने युरोपियन संघाशी १९९७ मध्ये केलेल्या कमी क्रूर सापळ्यांच्या करारात लांडगाही येतो, म्हणून तिथे प्रमाणित सापळेच चालतात.

आता तारीख. लांडगा वर्षातून एकदाच केस टाकतो. वसंताच्या शेवटी जुनी लव गुठळ्यांनी सुटायला लागते, उन्हाळाअखेर नवे केस फुटतात आणि थंडीच्या तोंडावर खालची दाट लव भरते. या सगळ्याचं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. थंडी लवकर पडली म्हणून केस लवकर भरत नाहीत, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. अलास्काच्या अंतर्भागात डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ खात्रीचा. फेब्रुवारी-मार्च हा समागमाचा काळ. त्यात मारामाऱ्या होतात, चावे बसतात, आणि त्याच सुमारास बर्फावरून परतणारं ऊन केसांची टोकं जाळायला लागतं. हंगाम एप्रिलपर्यंत खुला असला तरी कातड्यासाठी काम करणाऱ्याने मार्च लागला की सापळे उचलावेत असं आमचं मत आहे. शिवाय वसंतात अस्वलं गुहेबाहेर येतात आणि लांडग्याच्या सापळ्यात अस्वलाचा पाय अडकणं ही दोघांच्याही जिवावरची गोष्ट असते.

अंतर्भागातला प्रौढ नर साधारण ३८ ते ५२ किलोचा, क्वचित ६५ किलोपर्यंत भरतो. त्याच्या पुढच्या पायाचा ठसा ११ ते १३ सेंटिमीटर लांब असतो. पाय धरणाऱ्या सापळ्याच्या जबड्यांचा पसारा त्या हिशेबाने १७ ते २३ सेंटिमीटर लागतो. कोयोटीचा (लांडग्याचाच लहान अमेरिकी भाऊबंद) सापळा वापरला तर फक्त बोटं धरली जातात, लांडगा ती सोडवून घेतो आणि पुढे कित्येक महिने लोखंडाच्या आसपास फिरकत नाही. जबडे मिटल्यावर मध्ये ६ ते ९ मिलिमीटर फट राहील असे, जाड कडांचे किंवा रबर लावलेले घ्यावेत. बारीक धारेचे जबडे कातडी कापतात, रक्तप्रवाह तोडतात आणि उणे ३० अंशांत तो पाय गोठतो. साखळीला किमान तीन फिरक्या हव्यात, पैकी एक सापळ्याच्या तळाच्या बरोबर मध्यभागी. जनावर गोल फिरतं तेव्हा फिरकी नसेल तर पीळ साखळीऐवजी हाडाला बसतो.

साखळीचं दुसरं टोक कशाला बांधायचं हे जमिनीवर अवलंबून. झाडी असेल तर अडीच-तीन मीटर साखळी आणि दोन काट्यांचा गळ उत्तम: लांडगा थोडं ओढत नेतो, गळ झुडपात अडकतो, आणि ओढताना मिळालेल्या ढिलाईमुळे पायाला झटका बसत नाही. उघड्या मैदानावर गळ कामाचा नाही. तिथे जमीन गोठायच्या आधी पुरलेली तारेची नांगरखुंटी किंवा आडवा पुरलेला ओंडका हवा. एकच सरळ लोखंडी खुंटी लांडग्याला पुरत नाही. तो उभा राहून वर ओढतो आणि ती सैल होते.

नवा सापळा कारखान्याच्या तेलात माखलेला येतो. तो साबणाच्या पाण्यात उकळून बाहेर टांगायचा आणि त्यावर पातळ गंज चढू द्यायचा, कारण गुळगुळीत पोलादावर रंग बसत नाही. मग लॉगवुड या रंग देणाऱ्या लाकडाच्या भुकटीत किंवा आल्डर झाडाच्या सालीच्या काढ्यात तासभर उकळायचा आणि शेवटी वितळलेल्या मेणात बुडवायचा. सापळा मेणाइतका गरम होईपर्यंत आत राहू दे. थंड लोखंडावर मेण जाड बसतं आणि पापुद्र्यांनी निघतं. जबड्यांची गती मेणानेच राखली जाते, वास लपणं हा दुय्यम फायदा. मेणाचं भांडं उघड्या ज्वाळेवर ठेवू नये, ते भडकतं. बर्फात लावायचे सापळे काही जण पांढरे रंगवतात. पातळ थराखालून गडद लोखंड उन्हात तापतं आणि वरचा बर्फ वितळवतं, त्यावर हा उपाय चालतो. रंगाचा वास जायला मात्र महिना द्यावा.

वासाबद्दल फार बोललं जातं. हातमोजे वेगळे ठेवावेत, पेट्रोल सांडलेल्या स्लेडवर सापळे ठेवू नयेत, एवढं पाळलं की पुरे. लांडगा माणसाच्या वासाने जितका बिथरतो त्याहून जास्त बिथरतो तो उकरलेल्या, गुठळ्या झालेल्या बर्फाने. तासभर उकळलेला सापळा लावून भोवती गुडघ्यांचे खड्डे सोडून जाणारे लोक पाहिले की उकळण्याचं सरपण वाया गेलं असं वाटतं.

जागा मागावरून ठरते. कळपाचा फेरा मोठा असतो आणि त्याच वाटेवर तो पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो: आठवडा, कधी तीन आठवडे. पण वाटा ठरलेल्या असतात. गोठलेल्या नदीचा आतला काठ, दोन तळ्यांमधली बारीक पट्टी, कड्यावरची उघडी धार, स्नोमोबाइलची जुनी चाकोरी. खोल बर्फात लांडगा माणसाने दाबून दिलेली चाकोरी आनंदाने वापरतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला त्या चाकोरीवर काहीच न लावता नुसतं ये-जा करत राहणं ही चांगली गुंतवणूक आहे. जिथे एक लांडगा वळून मुतलेला दिसतो तिथे पुढचे सगळे थांबतात.

वाटेवरचा सापळा असा बसतो. कळप ओळीने, एकमेकांच्या ठशात पाय टाकत चालतो, त्यामुळे खोल, कडक ठसा निवडा. वाट अरुंद होते किंवा आडवा ओंडका ओलांडावा लागतो तिथला असेल तर उत्तम, कारण पाय कुठे पडणार ते तिथे नक्की असतं. वाटेवर उभं राहू नका. बाजूला, स्वतःच्या स्नोशूच्या ठशांत राहून लाकडी फावड्याने बाजूकडून आत, ठशाच्या खाली बोगदा काढा. तळ हाताने दाबून घट्ट करा, कारण सापळा डुगडुगला तर जनावर पाय उचलतं. तळाशी स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाड) डहाळ्या किंवा मेणकागद ठेवा, नाहीतर सापळा खालच्या बर्फाला चिकटून गोठतो. झाडाखालचा साखरेसारखा कोरडा, सुटा बर्फ भोवती भरा. तबकडीखाली, म्हणजे पाय पडला की सापळा मिटवणाऱ्या मधल्या चकतीखाली, मात्र तो जाऊ देऊ नका. तिथे लोकरीचा किंवा फोमचा तुकडा बसवा, म्हणजे तबकडीला खाली जायला जागा राहते. वरचा थर दोन-तीन सेंटिमीटरच राहील इतका आतून खरवडा. तो जाड राहिला तर जबडे मिटताना बर्फाची लादीच वर उचलतात आणि पाय त्या लादीसकट बाहेर फेकला जातो. सापळा मिटलेला, जबड्यांत लांडग्याचे चार केस आणि बाजूला बर्फाचा तुकडा दिसला तर कारण हेच. शेवटी बोगद्याचं तोंड बुजवून स्प्रूसच्या फांदीने झाडून आपला माग पुसत मागे सरका.

तबकडीचा ताण दोन किलोच्या वर ठेवा. मार्टेन (मुंगसाएवढा फरवाला प्राणी), कोल्हा, ससा यांच्या वजनाने ती पडता कामा नये. लिंक्स (रानमांजर) आणि वूल्व्हरिन (लहान अस्वलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी) असलेल्या भागात ताण आणखी वाढवावा.

बर्फ कमी असेल तेव्हा, हंगामाच्या सुरुवातीला, गंधाची जागा चालते: झुडूप, गवताचा झुपका किंवा जुनं हाड, त्यावर दुसऱ्या कळपाच्या मुताचे थेंब. कोयोटीसाठी सापळा झुपक्यापासून वीतभर अंतरावर बसतो. लांडग्यासाठी तबकडीचा मध्य ३० ते ३५ सेंटिमीटर लांब आणि चार-पाच सेंटिमीटर बाजूला घ्या, कारण त्याचं नाक पायांच्या बरंच पुढे असतं आणि पाय मध्यरेषेवर पडत नाहीत. माती गोठते तिथे कोरडी पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) किंवा मेण चोळलेली माती वापरा. मीठ मिसळलं तर गोठत नाही खरं, पण सापळा महिन्यात गंजतो.

एका जागी एकच सापळा लावणं ही सगळ्यात महाग चूक. पहिला लांडगा धरला गेला की बाकीचे तिथेच घोटाळतात. चार ते सहा सापळे लावावेत, पण साखळी आणि जनावराची लांबी धरून दोन वर्तुळं एकमेकांना शिवणार नाहीत इतक्या अंतरावर.

फासाबद्दल थोडक्यात. तार साधारण अडीच ते तीन मिलिमीटरची, फास ३५ ते ४५ सेंटिमीटर रुंद, खालची कड वाटेपासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर. ताजा बर्फ पडला की ही उंची बदलते, म्हणून प्रत्येक फेरीत मोजायचं. मोठी अडचण मूस या प्रचंड हरणाची. तिचा पाय किंवा नाक फासात गेलं तर जनावरही जातं आणि फासही. मूसच्या जोराला तुटून उघडणारं लॉक आणि फासातून बाहेर आलेली, मूसला बाजूला वळवणारी ताठ तार असे दोन्ही उपाय वापरावेत, आणि विलोच्या दाट झाडीत, जिथे मूस चरते, तिथे फास लावूच नये. कातड्याच्या दृष्टीने फासाचा तोटा मानेवर दिसतो: केस तुटलेली गोल रेघ आणि आतून साकळलेलं रक्त. गळपट्टीसाठी (कोटाच्या टोपीच्या कडेला लावायचा फरचा पट्टा) लागणारे आयाळीचे केस नेमके तिथेच असतात.

सापळा जितक्या लवकर पाहाल तितकं जनावराला आणि कातड्यालाही बरं. जिवंत धरलेल्या लांडग्याला लहान बोअरच्या, .२२ गोळीने मेंदूत, कानाच्या मुळाजवळून, एका फटक्यात संपवावं. छातीतली गोळी कातड्याला दोन भोकं पाडते आणि लव रक्ताने भरते. दोन दिवस तसाच पडून राहिलेल्या मेलेल्या लांडग्याला डोमकावळे डोळ्यांपासून आणि वूल्व्हरिन पोटापासून सुरुवात करतात.

इथून घड्याळ सुरू होतं. उणे २५ अंशांतही दाट लवेमुळे आतली ऊब तासन्‌तास टिकते, आणि बर्फावर ज्या कुशीवर तो पडला ती कूस सगळ्यात उशिरा निवते. जांघ आणि पोट हिरवं पडायला तिथूनच सुरुवात होते. धड फांद्यांवर ठेवा, तासाभराने उलटा, आणि शक्य तर त्याच दिवशी सोला. ओलं धड बर्फाला चिकटून गोठलं असेल तर ओढू नका, केस तिथेच राहतात.

सोलताना हातमोजे हवेतच. लांडग्याच्या आतड्यात एकायनोकॉकस जातीचे टेपवर्म असतात, त्यांची अंडी केसांना चिकटून येतात आणि माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठी करतात. सोलत असताना खाणं-पिणं नको. आर्क्टिक किनाऱ्याकडच्या भागात रेबीजचा विचार करून डोक्याचं काम जास्तच सांभाळून.

पहिली चीर मागच्या पायाच्या गादीपासून, मांडीच्या आतल्या बाजूने, फिकट आणि गडद केसांच्या सीमेवरून गुदद्वारापर्यंत. ही रेघ चुकली तर ताणल्यावर एका बाजूला पोटाचे केस पाठीकडे येतात. शेपटीचं हाड ओढून काढा आणि शेपटी टोकापर्यंत चिरा. न चिरलेली शेपटी आतून कुजते. मग नळकांड्यासारखं डोक्याकडे ओढत न्या. पंजे आणि नखं कातड्यालाच ठेवायची, बोटं शेवटच्या सांध्यापर्यंत सोलायची. कान शेवटपर्यंत उलटायचे, ओठ दुहेरी असतात ते फाकायचे. केस सुटायला लागतात ते कानाच्या टोकाशी, ओठांपाशी आणि बोटांच्या मध्ये, कारण तिथेच आळस होतो.

मग गोल ओंडक्यावर ताणून दोन मुठींच्या बोथट सुरीने चरबी आणि मांस खरवडायचं, मानेकडून शेपटीकडे. मानेवर मांसाची जाड पट्टी असते, ती राहिली तर खालचं कातडं वाळत नाही. पोटाशी आणि काखेत मात्र हात हलका. तिथे कातडं कागदासारखं असतं आणि केसांची मुळं कापली गेली की पुढून केस गळतात. रक्त थंड पाण्याने आणि थोड्या साबणाने धुवा. गरम पाण्याने ते पक्कं होतं.

फर बाजारासाठी मीठ लावायचं नाही, नुसतं वाळवायचं. भुसा भरून ठेवायचं किंवा गालिचा करायचा असेल तर बारीक, आयोडीन नसलेलं मीठ साधारण कातड्याच्या वजनाइतकं, आणि दुसऱ्या दिवशी झटकून पुन्हा. बाजारासाठी फळीवर केस आत ठेवून चढवा, पोटाच्या बाजूला पाचर घाला, १० ते १५ अंशांत वारा खेळेल असं ठेवा. हाताला चिकटणं थांबलं पण कातडं अजून वाकतंय, अशा वेळी उलटून केस बाहेर घ्या. ही वेळ बहुधा १२ ते २४ तासांत येते. ती चुकली आणि कातडं कडक झालं तर उलटताना खांद्यापाशी फाटतं. शेकोटीजवळ वाळवलेलं कातडं वरून छान दिसतं, पण आत राहिलेली चरबी उष्णतेने कातडं भाजते आणि कमावताना ते तुकड्यांनी मोडतं.

पारख करताना आधी मांसाची बाजू पाहावी. निळा-काळा रंग म्हणजे केसांची मुळं अजून वाढताहेत, त्यात रंगद्रव्य आहे: कातडं कच्चं. रंग पुठ्ठ्यांवर शेवटी जातो, म्हणून तिथे पांढरं दिसलं तर बाकीचं बघायलाच नको. पण पांढरं म्हणजे उत्तम असं नाही, हंगाम सरल्यावर उतरलेलं कातडंही पांढरंच असतं. म्हणून मग केस. खांद्यांमध्ये फुंकर मारा. लव इतकी दाट हवी की कातडी दिसू नये. आयाळीचे राठ केस १० सेंटिमीटरच्या वर, टोकं सरळ आणि चमकदार. हात शेपटीकडून डोक्याकडे फिरवा; तुटलेले केस बोटांना खुंटासारखे लागतात. टोकं वळलेली असतील तर ऊन लागलं आहे, आणि काळ्या लांडग्यात ते तांबूस झाकेवरून लांबूनच ओळखू येतं. पुठ्ठ्यांवर आणि कुशीत झिजलेले भाग शोधा, हे बर्फावर आणि त्याच्या कडक कवचावर लोळण्याचे. जांघेतली चिमूटभर लव हलकेच ओढा: केस मुळासकट आले तर कातडं कुजलेलं आहे, आणि कमावल्यावर तिथे टक्कल पडेल. ते कितीही मोठं असो, गळपट्टीच्या कामाचं नाही.

गळपट्टी हा लांडग्याच्या कातड्याचा खरा उपयोग. इनुपियाट आणि युपिक या अलास्कातल्या मूळ समाजांच्या शिवणकाम करणाऱ्यांना पार्क्याच्या (थंडीचा कोट) टोपीसाठी असमान लांबीचे, ताठ केस हवे असतात, कारण श्वासाचं दव त्यावर गोठलं तरी हाताने झटकता येतं. खांद्याचा पट्टा चांगला असेल तर पोटाकडची एखादी चीर ते माफ करतात. भुसा भरणाऱ्याला मात्र तोंड, कान आणि पंजे हवे असतात. गिऱ्हाईक कोण हे ठाऊक असल्याशिवाय कातडं कसं सोलायचं हे ठरवू नये.

रोगाची खूण वेगळी वाचायची. उवा अलास्कात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केनाई द्वीपकल्पात दिसल्या आणि नंतर अंतर्भागातही पोचल्या. त्या कुत्र्याच्याच उवा. खांद्यांमध्ये आणि जांघेत केस गुंतलेले, तेलकट, मधले राठ केस गळून नुसती लव उरलेली, असं दिसलं की संशय घ्यावा. खरूज वेगळी: तिच्यात कातडी जाड, खपल्या धरलेली, टक्कल शेपटी, पाय आणि कोपरांपासून सुरू होतं. लांडगे मारण्यासाठी मोंटानात १९०५ च्या सुमारास ती मुद्दाम सोडली गेली होती. असं कातडं दुसऱ्या कातड्यांना लावून ठेवू नका. उवांचा संशय असेल तर फिश अँड गेम खात्याला कळवा. ते कातड्याचा तुकडा अल्कलीत विरघळवून उवा मोजतात.

सील लावायला नेताना कातडं गोठलेलं नसावं, नाहीतर सीलची पट्टी डोळ्याच्या भोकातून ओवताना डोळ्याची कड फाटते. वाळलेलं कातडं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल धरून आठवड्यात कानापासून केस सुटतात. कापडाच्या पिशवीत, घडी न करता, टांगून ठेवा, आणि पिशवीला पकडल्याची तारीख आणि युनिटचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधा.